डेअरीचा कोड नंबर प्रायमरी की केला, आता बापलेकाची बिलं एकत्र झालीत

धारवाला: मंडळी, गावच्या दूध डेअरीचं सॉफ्टवेअर मीच लिहिलंय, पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. सहाशे सभासद. कोड नंबरच प्रायमरी की (टेबलातल्या ओळीची एकमेव ओळख) घेतला, कारण आमच्याकडं माणूस नावापेक्षा कोडनं ओळखतात. दोन वर्षं निभावलं. गेल्या महिन्यात १४७ नंबरचे आजोबा वारले, चेअरमननी तोच नंबर थोरल्याला दिला. मी नाव बदललं, तर मागची सगळी बिलं थोरल्याच्या नावावर! धाकटा दरफरकातला वाटा मागत दारात बसलाय.
शिवाय दहा दिवसांची बिलं काढायला पाच मिनिटं लागतात. संकलन टेबलात नऊ लाखांच्या घरात ओळी आहेत. कोडऐवजी मोबाइल नंबर घेऊ का?

रात्रपाळी: यूयूआयडी (आपोआप बनणारा, कुठंच दुबार न येणारा लांबलचक आयडी) लाव, विषय संपला.

जुनी_खुंटी: मोबाइल नको रे. घरात तीन सभासद आणि फोन एक, ही गत असते. वर सिम बदलतं ते वेगळंच.
तुझा कोड म्हणजे गोठ्यातली खुंटी. म्हैस बदलते, खुंटी तीच. म्हणून माणसाला वेगळा आयडी दे, साधा ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप एकेकानं वाढणारा आकडा), आणि कोणता कोड कुणाकडं कधीपासून कधीपर्यंत होता त्याचं छोटं टेबल कर. संकलनात आयडी जाईल, काउंटरवर कोडच टाइप होईल.
यूयूआयडीबद्दल: इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन, ओळी प्रायमरी कीच्या क्रमानं साठवतं आणि बाकीच्या प्रत्येक इंडेक्समध्ये (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून केलेल्या सूचीत) ती की पुन्हा लिहितं. इंट, म्हणजे साधा पूर्णांक, ४ बाइटचा, यूयूआयडी मजकूर म्हणून ठेवला तर ३६ अक्षरांचा. त्यात रँडम असला तर नवी ओळ कुठंही मधेच घुसते. चार केंद्रांचा डेटा ऑफलाइन जमून एकत्र यायचा असता तर विचार केला असता, तोही सातव्या आवृत्तीचा, ज्यात वेळ आधी येते. एका गावाला कशाला?
बिलाची क्वेरी (डेटाबेसकडं माहिती मागणारी आज्ञा) कशी लिहिलीयस?

धारवाला: लूपमध्ये एकेक सभासद घेतो. सभासद इतका, आणि डेट फंक्शननं वेळेतली तारीख काढून ती ११ ते २० च्या दरम्यान.

जुनी_खुंटी: म्हणजे सहाशे वेळा नऊ लाख ओळी चाळतोयस. क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्स्प्लेन लावून बघ, टाइपखाली ऑल दिसेल, म्हणजे अख्खं टेबल वाचलं जातंय. संकलनाला सभासदांच्या टेबलाशी बांधणारी फॉरेन कीसुद्धा लावलेली दिसत नाही. लावली असतीस तर इनोडीबीनं सभासदावर इंडेक्स आपणहून केला असता.
सभासद आणि वेळ असा जोड इंडेक्स कर, सभासद आधी. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं की त्या कॉलमचा इंडेक्स कामाला येत नाही, म्हणून वेळ ११ च्या मध्यरात्रीपासून पुढं आणि २१ च्या मध्यरात्रीच्या आत, असं सरळ लिही. केंद्राची रोजची बेरीज मात्र सगळ्यांची असते, तिला वेळेवर वेगळा इंडेक्स लागेल.

धारवाला: केलं. बिलं तीन सेकंदांत! आजोबांच्या ओळी त्यांच्या आयडीवर परत लावल्या, धाकट्याला छापून दिल्या.
एक उद्योग मात्र अंगाशी आला. दुबार नोंद टळावी म्हणून सभासद, तारीख, पाळी आणि गाय-म्हैस यांवर युनिक इंडेक्स (तीच नोंद पुन्हा घेऊ न देणारा) टाकला. अडतीस नंबरच्या मावशी सकाळी दोन खेपांत म्हशीचं दूध आणतात, दुसरी किटली मशीन घेईना. मागं पंचवीस जणांची रांग. आता ‘खेप’ नावाचा कॉलम वाढवलाय.