पडदा आपोआप जुळत नाही, कॅल्शियम लागतं

पेशीचा पडदा फाटला तर 'साबणाच्या फुग्यासारखा तोही आपला आपण जुळतो' असं म्हणतात, ते अगदी बारीक छिद्रापुरतंच खरं. पडद्याखालच्या सांगाड्याचा ताण कडा ओढून धरतो, त्यामुळे मोठं भोक तसं मिटत नाही. बाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त. ते आत घुसलं की लायसोसोमसारख्या पेशीतल्या बारीक पिशव्या जखमेकडे सरकतात, पडद्याला जोडल्या जातात आणि काही सेकंदांत भोक बुजतं. कॅल्शियम नसलेल्या द्रावणात हीच पेशी मरते.

स्नायूंच्या पेशींना तर ही दुरुस्ती सतत लागते. आमच्या कोल्हापुरात तालमीत बैठका मारणाऱ्या पोरांच्या स्नायूंत अशा चिरा पडतच असतात, विशेषतः खाली बसताना, कारण तेव्हा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्या भरतात म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मातीत उतरता येतं. माझ्या मामेभावाच्या भरत नव्हत्या. चांगला खेळणारा पोरगा, ऐन विशीत चवड्यांवर उभं राहता येईना. रक्तात एसजीपीटी (यकृताच्या तपासणीत मोजतात ते एन्झाइम, पण ते स्नायूंतही असतं) वाढलेलं दिसलं म्हणून आधी यकृतावरच उपचार झाले. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, पाहिलं तर हजारांत! जनुक तपासणीत डिस्फर्लिनचा दोष निघाला. हे प्रथिन नसलं की स्नायूच्या पडद्याची दुरुस्ती अडते, हे २००३ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलंय. कारण नसताना एसजीपीटी वाढलेलं आणि पायांत ताकद कमी, असं कुणाचं असेल तर डॉक्टरांना सीपीकेबद्दल नक्की विचारा. आजार बरा करणारं औषध नाही, पण खरं कारण कळलं तर स्नायूंची सूज समजून दिली जाणारी नको ती स्टेरॉइडं तरी टळतात.