मदत हवी आहे: मॅकबेथमधल्या चेटकिणींच्या शिव्या मराठीत कशा आणाव्यात?

लेकीच्या कॉलेजात स्नेहसंमेलनात मॅकबेथचा पहिल्या अंकातला तिसरा प्रवेश मराठीत करायचाय. भाषांतर माझ्या गळ्यात पडलंय, आणि पहिल्याच चेटकिणीने मला अडवलंय.

प्रसंग असा: खलाशाची बायको ओटीत चेस्टनट घेऊन मचामचा खातेय. चेटकीण मागते, तर ती म्हणते 'अरॉइन्ट दी, विच!' म्हणजे चालती हो. पण हा 'अरॉइन्ट' आला कुठून, हे इंग्रजीच्या पंडितांनाही ठाऊक नाही. 'चल, नीघ' फार मिळमिळीत वाटतं. तुमच्याकडे कुणाला दारातून हाकलताना काय म्हणतात?

चेटकीण उलट तिला 'रॉनयन' म्हणते. अर्थ खरजुली, घाणेरडी बाई. अशी अस्सल जुनी, पण स्टेजवर खपेल अशी शिवी सुचवा. (प्राचार्य पहिल्या रांगेत असतात.)

मग ती त्या बाईच्या खलाशी नवऱ्याला शाप देते: नऊ नव्वे 'सेनिट' तो 'ड्विंडल, पीक अँड पाइन'. सेनिट म्हणजे सात रात्री, फोर्टनाइट चौदा रात्रींचा तसा. आपला मात्र 'आठ'वडा आणि 'पंधर'वडा! इथला 'पीक'ही शिखर नव्हे, तर रोडावणं. मी 'झिजेल, खंगेल, झुरेल' केलंय, ते बरं वाटतं. पण 'एक्क्याऐंशी आठवडे' शापासारखं न वाटता हिशेबाच्या वहीसारखं वाटतं. काय करू? तालमी सोमवारपासून आहेत.