अनुभव धागा: पणजीत निवांत चहा कुठे, आणि किती वाजता?

कामासाठी पणजीत येणारे, पाहुण्यांना शहर दाखवणारे, लायब्ररीतून बाहेर पडलेले, सगळे हेच विचारतात: शांत बसून चांगला चहा कुठे मिळेल? इथे नुसती नावं नकोत. वेळ, बसायची बाजू, चहा कसा करतात आणि काय बिघडतं, तेही लिहा. मडगाव-म्हापशाकडच्यांनीही लिहावं.

सुरुवात माझ्याकडून. पणजीत आधी घड्याळ बघावं, मग ठिकाण. कॅफे टाटो, कॅफे भोसले, चर्चसमोरचं कामत ही जुनी नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि म्हणूनच सकाळी आठ ते दहा तिथे टेबल मिळणं कठीण. भाजी-पाव, पुरी, बन्स (केळ्याच्या गोड पुऱ्या) यांची ती वेळ. त्या गर्दीत नुसता चहा घेऊन अर्धा तास बसणं बरं दिसत नाही, टेबलही अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. साडेदहा ते बारा हा मधला काळ चांगला. एकनंतर शहर दुपारच्या झोपेला लागतं, तेव्हा बऱ्याच लहान जागा बंद असतात. साडेतीनला पुन्हा भांडी चढतात. साडेतीन ते सव्वाचार ही माझ्या मते दिवसातली सर्वांत चांगली वेळ: तेल नुकतं तापलेलं, चहाचं पहिलं आधण, आणि कचेऱ्या अजून सुटलेल्या नसतात.

ताळगावहून

चहा ताजा आहे की नाही हे आत शिरतानाच कळतं. गल्ल्याजवळ चहाची नळवाली टाकी असेल आणि पोऱ्या त्यातून ग्लास भरत असेल, तर गर्दीच्या वेळी हरकत नाही, कारण टाकी भराभर रिकामी होते. गर्दी नसताना तोच चहा अर्धा-पाऊण तास आत तापत राहतो. पूड गाळलेली असली तरी दूध आटतं, रंग विटकरी होतो, वर साय धरते आणि जिभेला तुरट लागतो. पूड न गाळता तेच पातेलं पुन्हा पुन्हा उकळत असतील तर विचारूच नका.

त्यावर उपाय सोपा आहे. बिनसाखरेचा चहा मागा. बहुतेक ठिकाणी साखर आधणातच पडते, त्यामुळे बिनसाखरेचा वेगळा करावा लागतो. पाच-सात मिनिटं थांबावं लागतं, पण चहा नवा मिळतो. साखर हवी असेल तर वरून घाला.

ज्यांना आलं लागतं त्यांनी हेही बघावं: आलं पाण्यात आधी दोन मिनिटं उकळलेलं हवं. कच्चं आलं दुधात ठेचून टाकलं तर दूध फाटायची भीती असते. चहाच्या तळाशी बारीक कण दिसले तर बहुधा हेच झालेलं असतं. घरी चार कपांना दोन कप पाणी, दोन कप दूध, चार सपाट चमचे दाणेदार पूड, बोटाच्या पेराएवढं आलं. पूड पडल्यावर दोन-तीन मिनिटं, मग दूध, दोन उकळ्या, लगेच गाळायचं. पावसाळ्यात गवती चहाची दोन-तीन पाती पाण्यातच घालावीत, दुधात घातली तर वास उतरत नाही.

मळ्याहून, ओहोळाच्या बाजूने

रुआ द ओरेम या ओहोळकाठच्या रस्त्याकडेला बसायची हौस पाहुण्यांना फार असते. दिसायला सुंदरच आहे, पण हा ओहोळ मांडवीला मिळतो, त्यामुळे त्यात भरती-ओहोटी येते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि वास येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सर्वांत खोल असते, आणि ती संध्याकाळच्या चहाच्या सुमाराला गाठ पडते. अष्टमीच्या आगेमागे त्याच वेळी पाणी भरलेलं असतं. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास पुढे जाते, तेव्हा एकदा जाऊन बघितलं की पुढच्या तीन-चार दिवसांचा अंदाज येतो. दिवेलागणीला डास सुटतात. त्या आधी उठावं.

फोंताइन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत सकाळी नऊच्या आत जावं. कोन्फेतारिया ३१ दे जानेरोसारख्या बेकरीत बसायची जागा मोजकी, पण भाजण्याचा वास आणि रिकामी गल्ली त्याच वेळी मिळते. दहानंतर फोटो काढणाऱ्यांची रीघ लागते. आणि एक कळकळीची विनंती: तिथली घरं नांदती आहेत. कुणाच्या सोप्यावर, पायऱ्यांवर कप घेऊन बसू नका.

पर्वरीहून

रविवारी दुपारनंतर फोन करून मगच निघा. चतुर्थीला निदान दीड दिवस, काही ठिकाणी पाच दिवस शटर बंद. ८ डिसेंबरच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) चर्च चौकात गाडी न्यायचा विचारही करू नका. नोव्हेंबरात इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असताना कांपालकडची बाजू भरलेली असते.

सांतिनेजहून, खाण्याबद्दल

चहाबरोबर काय घ्यायचं हेही वेळेवर ठरतं. पोदेर (पाववाला) सकाळी लवकर येतो आणि पुन्हा दुपारनंतर, चार-पाचच्या सुमाराला. त्यामुळे साडेचारनंतरचा उंडो (गोल पाव) कडक कवचाचा आणि आतून मऊ मिळतो. पातळ भाजीबरोबर उंडोच घ्यावा, तो रस शोषतो आणि तरी फुटत नाही. साधा पाव त्यात लगेच लगदा होतो. सुक्या भाजीला मात्र साधा पाव किंवा पुरी बरी. दुपारी तीनला पाव मागितला तर सकाळचाच मिळणार, यात दुकानदाराचा दोष नाही.

बन्स सकाळचेच. पिठात पिकलेलं केळं, दही, साखर आणि थोडं जिरं घालून ते रात्रभर ठेवतात. चांगला बन्स फुगलेला, आत जाळीदार आणि तपकिरी असतो. बोटाला तेल लागलं तर तेल पुरतं तापलेलं नव्हतं. चिवट लागला तर केळं कमी आणि मैदा जास्त. गार बन्स परत तळून देतात तिथे तो वरून करपतो आणि आत गारच राहतो. तो घेऊ नये, त्यापेक्षा मिरची भजी मागावी, ती मागणीनुसार तळतात.

करंझाळेहून

वारा कुणी लिहिला नाही. दुपारपासून समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून, वारा सुटतो. मिरामार-करंझाळे पट्ट्यात उघड्यावर बसायचं तर पश्चिम मोकळी असलेली बाजू घ्या. पण ऊनही तिकडूनच येतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सातच्या. त्याआधीचा तासभर डोळ्यांवर येतो, तेव्हा पाठ समुद्राकडे करून बसावं आणि शेवटची दहा मिनिटं खुर्ची फिरवावी. पावसात हीच बाजू झोडपून निघते, मग इमारतीच्या पूर्वेकडचा व्हरांडा शोधायचा.

आतल्या खोलीत बसणार असाल तर छताकडे बघा. उंच मंगळुरी कौलांखाली गरम हवा वर जाते आणि आवाजही घुमत नाही. ठेंगण्या स्लॅबखाली चार टेबलं बोलू लागली की समोरच्याचं ऐकू येत नाही. मुदपाकखान्याच्या दारासमोरचं टेबल टाळावं, आणि पंख्याच्या बरोबर खालचंही: चहा तीन मिनिटांत गार होतो.

वयस्क मंडळींसाठी, आल्तिनोहून

जुन्या कॅफेत वातानुकूलित भाग बऱ्याचदा वरच्या माळ्यावर असतो आणि जिना अरुंद. आधी खाली जागा आहे का ते विचारा. उंबऱ्याच्या पायऱ्या, हात धुवायची जागा आणि शौचालय, तिन्ही बघून मगच बसवा. गुडघेदुखीवाल्यांना बाकड्यापेक्षा पाठीची खुर्ची हवी. काहीच जमलं नाही तर चर्च चौकासमोरची नगरपालिकेची बाग आहे, गार्सिया द ऑर्ता या सोळाव्या शतकातल्या वैद्याच्या नावाची. मोठ्या झाडांची सावली भरपूर. चहा पार्सल घेऊन बाकावर बसता येतं. घरून स्टीलचे पेले न्यावेत, कागदी कपात चहाला मेणचट वास लागतो आणि हातही भाजतो.

बेतीहून

पणजी-बेती फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे उतरून टपरीवरचा चहा घेतला की सगळी पणजी समोर दिसते. मालीम जेटी शेजारीच असल्यामुळे मासळीचा वास असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तो कमी, पण तेव्हा पाऊस. ऑक्टोबरात सकाळी आठच्या आत यावं. शनिवार-रविवारी संध्याकाळी बांदोडकर मार्गावर कॅसिनोच्या गाड्यांची कोंडी असते. त्यात गाडी घेऊन अडकण्यापेक्षा पाटो भागात गाडी ठेवून चालत फेरीच्या धक्क्यावर या.

मडगावहून

मडगावात लोंगिन्होस या जुन्या रेस्टॉरंटला गर्दीच्या जेवणवेळा सोडून जावं, चहापुरतं बसता येतं. नगरपालिकेच्या आसपासच्या बाकीच्या जागांना पणजीचाच नियम लागू, फक्त बाजारामुळे सकाळची गर्दी साडेअकरापर्यंत लांबते.

म्हापशाहून

शुक्रवारी म्हापशात निवांत चहा ही गोष्टच विसरा, बाजाराचा दिवस. पण बाजारचा चहा प्यायचा असेल तर सातला या. विक्रेते माल मांडून पहिला ग्लास घेतात ती वेळ. चहा कडक, गोड, आणि आधण एकामागून एक चढत असल्यामुळे शिळा मिळायची शक्यता नाही. सुट्टे पैसे जवळ ठेवा. नऊनंतर गाडी लावायला जागा नाही, आणि बसायला तर नाहीच. इतर दिवशी त्याच बाजारातली दुकानं अकराच्या सुमाराला अर्धी रिकामी असतात, तेव्हा हवा तितका वेळ बसता येतं.