विनोदी कथेत वर्णन हवंच कशाला?

गोदाकाठी (धागाकर्ता): परवा आमच्या कथावाचनाच्या बैठकीत एकाने रंगपंचमीची विनोदी कथा वाचली. विषय झकास, जुन्या नाशकातली रहाड. (बाहेरगावच्यांसाठी: पेशवेकाळापासूनचे हौद, एरवी झाकलेले, रंगपंचमीला उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि त्यात उडी मारायची म्हणजे 'धप्पा'.) पण लिहिलं काय, तर "काका प्रचंड लठ्ठ होते. त्यांनी धप्पा मारला आणि सगळ्यांची हसून हसून पुरेवाट झाली."

बैठकीत कोणी हसलं नाही. कथेतलेच लोक हसून मोकळे झाले, आता आपण काय करायचं? माझं मत: 'प्रचंड', 'भयंकर', 'खूप' म्हणजे निव्वळ कामचुकारपणा. नेमकं काहीतरी दाखवा. मी असं लिहून पाहिलं:

"काकांनी चष्मा माझ्याकडे दिला, घड्याळ काकूंकडे दिलं, बनियन खोचलं आणि धप्पा मारला. वर आले तेव्हा दात पिवळे. काकू म्हणाल्या, 'ते आधीचेच.'"

तर्रीबाज: हसलो. पण काकूंच्या वाक्याला हसलो, तुमच्या वर्णनाला नाही! चष्मा, घड्याळ, बनियन… अहो, उडी मारा की. विनोद संवादात असतो. मिसळीच्या टेबलावर किस्सा सांगणारा कधी बनियनचं वर्णन करतो का?

गोदाकाठी: दात पिवळे झालेले दाखवलेच नसते, तर काकू बोलल्या कशावर असत्या?

तर्रीबाज: दात ठेवा. बाकी उडवा.

सिडकोची सून: चष्मा उडवा, घड्याळ राहू द्या. घड्याळ हातात घेतल्यामुळेच काकू काठावर उभ्या आहेत हे कळतं. नाहीतर शेवटी त्या आभाळातून टपकतील. वाचणाऱ्याला कळू न देता माणूस जागेवर आणून ठेवायचा, वर्णनाचं खरं काम ते. आणि लठ्ठपणा काढलात ते फार बरं केलंत. जाड माणूस पडला म्हणून हसायचे दिवस गेले.

निवृत्त मास्तर: एक पुरवणी. 'आधीचेच' शेवटी आहे म्हणून लागतं. "आधीचेच पिवळे आहेत हो यांचे दात" असं लिहून बघा, जीव जातो. त्याच्यापुढे एक अक्षर नको, 'सगळे हसले' तर नकोच नको.

पंचवटीकर: वर्णन कसं करावं हे नाशिककरांना कोणी शिकवायला नको. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे बातमीत येतं. आपण विचारतो, पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं? गुडघा, कंबर, छाती. अख्ख्या गावाला एका क्षणात पूर दिसतो.

तर्रीबाज: दिसतो, पण हसू कुठे येतं? भीती वाटते. म्हणजे नेमकेपणा आला की विनोद झाला, हा सिद्धांत गोदेत गेला.

पंचवटीकर: त्यात माणूस घाला ना. पाणी मारुतीच्या कमरेला लागलंय, पोलीस शिट्ट्या मारतायत, आणि पुलावर मामा भजीवाल्याला सांगतायत, "अजून छाती बाकी आहे, एक प्लेट होईल."

तर्रीबाज: पुन्हा संवादच जिंकला. माझंच म्हणणं सिद्ध करताय.

सिडकोची सून: मारुतीची कंबर आधी आली नसती, तर मामांची छाती कोणाला कळली असती?

निवृत्त मास्तर: तर्रीबाजांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. किस्सा सांगणाऱ्याकडे हात असतात, चेहरा असतो, आवाज चढवता-उतरवता येतो. कागदावर यातलं काही नाही, म्हणून ते काम दोन-तीन वस्तूंना करावं लागतं. दोन-तीनच. नवशिके पानभर सूर्यास्त लिहितात आणि मग विनोद आठवतो. उडीच्या आधी वाक्य थोडं लांबलं तर चालतं, वाचक वाट बघतो. उडीनंतर मात्र तुटकच हवं.

तर्रीबाज: मास्तर, ठीक. पण बनियन खोचण्यावरून मी हटणार नाही. ते लेखकाला गंमत वाटली म्हणून आलंय, कथेला त्याचा काडीचा उपयोग नाही.

गोदाकाठी: उपयोग आहे. रहाडीतून बाहेर आल्यावर ते खोचलेलं राहिलेलं नाही. पुढचा परिच्छेद त्याच्यावरच आहे, उद्या टाकतो.

तर्रीबाज: टाका. काकूंना बोलू द्या म्हणजे झालं.