क्लस्टरचं फर्मवेअर: ‘चालतंय तर हात लावू नका’ हे मला पटत नाही

रात्रपाळी (धागाकर्ता)

अकरा वर्षं सर्व्हर सांभाळतोय आणि प्रत्येक नोकरीत हे ऐकलंय: चालतंय ना, मग हात लावू नका. एकट्या सर्व्हरबाबत एक वेळ मान्य करीन. क्लस्टरबाबत, म्हणजे एकत्र मिळून काम करणाऱ्या सर्व्हरांबाबत, नाही. आणि फर्मवेअरबाबत, म्हणजे यंत्राच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरबाबत, तर मुळीच नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने आपल्या काही सॅस एसएसडींबद्दल (सर्व्हरमधल्या चिपवर चालणाऱ्या डिस्क) तातडीची सूचना काढली. फर्मवेअरमधल्या चुकीमुळे या डिस्क एकूण ३२,७६८ तास चालल्या की बंद पडणार होत्या. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. डिस्कही गेली आणि डेटाही गेला. मार्च २०२० मध्ये ४०,००० तासांचा असाच दुसरा दोष निघाला.

आता आपण खरेदी कशी करतो ते आठवा. सगळे नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) एकाच ऑर्डरमध्ये येतात, एकाच दिवशी चालू होतात. डिस्क म्हणजे एकाच माळेचे मणी, त्यांचे तास बरोबरीने भरतात. रेड ६, म्हणजे डेटा अनेक डिस्कवर मिळून जपायची पद्धत, दोन डिस्क गेल्या तरी तग धरतं. सगळ्या एकाच दिवशी गेल्या तर कुठलं रेड आणि कुठली दुसरी प्रत? यावर इलाज एकच होता: तास भरायच्या आत नवं फर्मवेअर चढवणं.

म्हणून माझं मत असं की दर तिमाहीला एकेक नोड रिकामा करून (त्यावरचं काम इतरांवर हलवून) फर्मवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही ताजं करावं. नोड बंद ठेवता यावा म्हणूनच तर आपण क्लस्टर घेतो.

धीराने_घ्या

उदाहरण बरोबर, निष्कर्ष अमान्य. सूचना वाचून नेमकं तेवढं फर्मवेअर चढवणं वेगळं आणि तिमाही आली म्हणून सगळंच चढवणं वेगळं.

जानेवारी २०१८ आठवा. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षादोष जाहीर झाले, व्हेंडरांनी इंटेलचा नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं फर्मवेअर) घालून बायोस (सर्व्हर सुरू करणारं फर्मवेअर) दिले, आणि हॅसवेल-ब्रॉडवेल या इंटेल प्रोसेसरांची मशीन आपोआप रीबूट व्हायला लागली. २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितलं की हे अपडेट चढवणं थांबवा. तोवर आमच्या आठपैकी पाच नोडांवर ते बसलं होतं. व्हीएम (सर्व्हरवर चालणारी आभासी मशीन) या नोडवरून त्या नोडवर हलवत आठवडा काढला, आणि जुना बायोस परत टाकताना प्रत्येक वेळी जीव मुठीत. सॉफ्टवेअरचं पॅकेज मागे घेता येतं. फर्मवेअर कधीकधी मागे जाऊच देत नाही.

रात्रपाळी

पाच नोड किती दिवसांत केलेत?

धीराने_घ्या

दोन रात्रींत. वरून आदेश होता.

रात्रपाळी

मग चूक वेगाची झाली. एक नोड करून आठ दिवस ठेवला असता तर एकाच नोडचा त्रास झाला असता. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरची सदोष फाइल आपल्या वेळेनुसार सकाळी ९:३९ ला सुटली आणि १०:५७ ला मागे घेतली गेली. सव्वा तासाच्या आसपास. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी झाली आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. ती फाइल टप्प्याटप्प्याने सोडली असती तर पहिल्या टप्प्यातच दोष कळला असता.

धीराने_घ्या

आठ दिवस दोन आवृत्त्या शेजारी चालवायच्या, तर त्याचीही किंमत असते. त्याच २०१८ च्या प्रकरणात नव्या मायक्रोकोडमुळे प्रोसेसरच्या नव्या सोयी दिसू लागल्या. नव्या नोडवर चालू झालेला व्हीएम जुन्या नोडवर चालताचालता हलवता येईना. म्हणजे ज्या आठवड्यात पळवाट हवी, नेमका त्याच आठवड्यात रस्ता एकेरी. व्हीएमवेअर या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ईव्हीसी (सगळ्या नोडांचे प्रोसेसर सारखे दाखवणारं सेटिंग) लावलेलं असेल तर सगळे नोड अद्ययावत होईपर्यंत त्या सोयी झाकून ठेवतात, पण ते आधीपासून लावलेलं हवं.

जुना_पॅच

सुरक्षेचं कुणीच बोललं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज या खंडणी-व्हायरसने हजारो ईएसएक्सआय होस्ट (व्हीएमवेअरवर व्हीएम चालवणारे सर्व्हर) कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला असं मानलं गेलं, त्याचा पॅच फेब्रुवारी २०२१ पासून उपलब्ध होता. दोन वर्षं! तिथेही सगळं ‘चालतंय’च होतं.

धीराने_घ्या

हे मान्य. पण ते होस्ट थेट इंटरनेटवर उघडे होते. ज्या ओपनएसएलपी सेवेत ते भोक होतं ती बंद केली असती तरी दार लागलं असतं. पॅच हा एकमेव उपाय नव्हता.

तीन_नोड

तुम्ही दोघं मोठ्या क्लस्टरवाले. आमच्याकडे सेफ (डेटा अनेक नोडांवर साठवणारं सॉफ्टवेअर) चालवणारे तीन नोड आणि मी एकटा. एक नोड बंद केला की मॉनिटरचा (क्लस्टरवर नजर ठेवणाऱ्या सेवेचा) कोरम, म्हणजे लागणारं बहुमत, दोघांवर उभा. त्या वेळात दुसरा पडला तर सगळंच थांबतं. आणि फर्मवेअरनंतर सर्व्हर लगेच उठत नाही, मेमरी तपासत बसतो. आमचा एकदा पंचवीस मिनिटं काळ्या स्क्रीनवर होता. पंचवीस मिनिटं मी खुर्चीत बसलो नाही.

मी आधी ‘नोआउट’ (डिस्क बाद धरू नको, ही खूण) लावतो, नाहीतर सेफ दहा मिनिटांत त्या नोडच्या डिस्क बाद धरतं आणि असलाच कुठे चौथा नोड तर डेटा हलवायला लागतं. नोड परत आला की सगळे पीजी (डेटाचे गट) पूर्ववत, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह+क्लीन’ होईपर्यंत पुढच्याला हात नाही. एका रात्री एकच नोड. तिमाहीला हे जमणार नाही, सहामाहीला जमतं.

रात्रपाळी

तुमच्यासाठी तिमाहीचा हट्ट सोडतो. मात्र व्हेंडरच्या सूचना दर महिन्याला वाचायच्या, हे सोडणार नाही. ३२,७६८ तासांची सूचना ज्यांनी वाचली नाही त्यांना सहामाही तरी कशी वाचवणार?

धीराने_घ्या

एवढ्यावर आपलं जमतं. सरसकट तिमाहीला माझा विरोध कायम आहे.

तीन_नोड

मंगळवारी बजेटची बैठक आहे, चौथा नोड मागतोय. कारण काय लिहू?

रात्रपाळी

‘देखभालीसाठी राखीव’ असं लिहा आणि क्षमतेचा आकडा टाकूच नका. क्षमता म्हणून आला तर सहा महिन्यांत त्यावर लोड चढेल, आणि पुढच्या अपडेटच्या रात्री तुम्ही पुन्हा तीनच नोडांच्या हिशोबात असाल.