मदत हवी आहे: मेथोट्रेक्सेटनंतर (नळीतला गर्भ वाढू न देणारं औषध) एचसीजी (गर्भामुळे रक्तात येणारं हार्मोन) पहिल्या दिवसापेक्षा जास्त, दुसरा डोस लागेल का?

कोल्हापुरात स्त्रीरोग वॉर्डला स्टाफ नर्स आहे. पेशंटच्या नळीत गर्भ आहे, नळी फुटलेली नाही, गर्भाचे ठोके नाहीत, बीपी-नाडी ठीक. उंची १५२ सेंमी, वजन ५० किलो. एकच डोस, ५० मिग्रॅ प्रति चौरस मीटर. बीटा एचसीजी पहिल्या दिवशी (डोस दिला तो दिवस) १८००, चौथ्या दिवशी २४००, सातव्या दिवशी १९८०. गाव गगनबावड्याकडे, नातेवाईकांना घाई. सोडायच्या आधी काय काय बघू?

उत्तर १
पहिल्या दिवसाचा आकडा बाजूला ठेवा. चौथ्या दिवशी एचसीजी चढतोच बऱ्याचदा. चौथ्यावरून सातव्याला ४२० उतरला, म्हणजे १७.५ टक्के. चौथ्या ते सातव्या दिवसात किमान १५ टक्के घट हवी, ती अट पार झाली, आता दर आठवड्याला तपासणी, आकडा अगदी खाली येईपर्यंत. २१०० आला असता तर घट साडेबारा टक्केच, मग डॉक्टरांनी दुसऱ्या डोसचा विचार केला असता. तिन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत ना? लॅब बदलली की हा हिशेबच फसतो.

उत्तर २
डोसही पडताळा. १५२ गुणिले ५०, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ १.४५, हे शरीराचं पृष्ठफळ चौरस मीटरमध्ये. म्हणजे साधारण ७२.५ मिग्रॅ. २५ मिग्रॅ प्रति मिलीच्या वायलमधून २.९ मिली, दोन्ही कुल्ल्यांत विभागून. पुढे कधी द्यायची वेळ आली तर सिरिंजमधली हवा बाहेर उडवू नका, थेंब हवेत जातात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या सिस्टरने हे औषध हाताळूच नये. सिरिंज-वायल सायटोटॉक्सिक (पेशींना घातक) लेबलच्या पिवळ्या पिशवीत.

धागाकर्ती
धन्यवाद ताई. पोटात थोडं दुखतंय म्हणते. डायक्लोफिनॅक चालेल?

उत्तर १
नको! त्याने मेथोट्रेक्सेट शरीरात साचतं. पॅरासिटामॉल द्या, तेही डॉक्टरांना पोट दाखवूनच. या दिवसांत सौम्य दुखणं येतं, पण चक्कर, खांदा दुखणं, नाडी वाढणं किंवा अचानक जोराची कळ म्हणजे नळी फुटल्याची शंका. एचसीजी उतरत असतानाही नळी फुटते, हे नातेवाईकांना स्पष्ट सांगा.

आणि पिशवी तपासा. आशाताईंनी दिलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या हमखास सापडतात. बंद करा, औषधाचा असर मारतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणूनचं इंजेक्शन) दिलं का, तेही बघा. संबंध, जड काम आणि दारू बंद, पुढची गर्भधारणा किमान तीन महिने नको.

उत्तर २
गगनबावडा रस्त्यावर पावसाळ्यात पाणी येतं. एचसीजी खाली येईपर्यंत शहरात कुणा पाहुण्यांकडे राहता येईल का, विचारा. नाहीतर रात्री गाडी कोण काढणार त्याचं नाव-नंबर आणि १०८ डिस्चार्ज कार्डावर लिहूनच सोडा.