संत मार्टिनचे अर्धे वस्त्र: इतिहास किती, आख्यायिका किती?

प्रश्न
गोव्यात आमच्या वाड्यावरच्या लहान प्रार्थनामंदिराला सगळे ‘कपेल’ म्हणतात. ११ नोव्हेंबरला, फ्रान्समधील तूर शहराच्या संत मार्टिनच्या सणादिवशी, पाद्रींनी सांगितले की या शब्दाचे मूळ एका रोमन शिपायाच्या झग्यात आहे. घोड्यावरून जाताना त्याने तो तलवारीने चिरून अर्धा भिकाऱ्याला दिला, एवढेच चित्रांमुळे ठाऊक आहे. यातले खरे किती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर
व्युत्पत्ती बरोबर आहे. मात्र तो झगा नसून खांद्यावर अडकवायचे लष्करी वस्त्र होते. फ्रँक राजे मार्टिनचे म्हणून एक वस्त्र, म्हणजे लॅटिनमधील ‘काप्पा’, पवित्र अवशेष मानून जपत आणि त्यावर हात ठेवून शपथा घेत. ते ठेवण्याच्या जागेला ‘काप्पेल्ला’ नाव पडले आणि तेच पोर्तुगिजांमार्फत गोव्यात पोहोचले.

दुसरे उत्तर
मार्टिन हयात असतानाच सुल्पिसियस सेव्हेरसने त्याचे चरित्र लिहिले. त्यात आमियाँ शहराची वेस, कडाक्याची थंडी आणि उघडा भिकारी आहे, पण घोड्याचा उल्लेख नाही. तो चित्रकारांनी आणला. बाकी सगळे आधीच वाटून टाकल्यामुळे मार्टिनजवळ शस्त्रे आणि हे एकच वस्त्र उरले होते. उरलेला तुकडा अंगावर घेतल्यावर काही बघे त्याच्या ध्यानाला हसले, हा तपशील मला फार खरा वाटतो. बिशप व्हायचे टाळण्यासाठी तो हंसांच्या खुराड्यात लपल्याची गोष्टही नंतरचीच. सेव्हेरसच्या मते एका नागरिकाने बायको आजारी असल्याची थाप मारून त्याला मठाबाहेर काढले.

तिसरे उत्तर
खरी अडचण सालांची आहे. सेव्हेरसनुसार त्याला पंधराव्या वर्षी बळजबरीने भरती केले आणि विशीच्या आसपास त्याने सैन्य सोडले. पण सोडतानाचा वर्म्स (आजच्या जर्मनीतील शहर) येथील प्रसंग रोमन सीझर (उपसम्राट) ज्युलियनसमोरचा, म्हणजे ३५५ नंतरचा आहे. जन्म परंपरेप्रमाणे ३१६ चा धरला, तर तो तेव्हा चाळिशीचा ठरतो. संताची शिपाईगिरी थोडकी दिसावी म्हणून चरित्रकाराने वर्षे आखडली असावीत, असा तर्क अभ्यासक करतात आणि मलाही तोच पटतो. वर्म्सला ‘मी ख्रिस्ताचा सैनिक आहे, मला लढणे मान्य नाही’ असे म्हणून त्याने बक्षिसाचे पैसे नाकारले. भित्रेपणाचा आरोप होताच उद्याच्या लढाईत निःशस्त्र सर्वांपुढे उभा राहतो, असे तो म्हणाला. त्याला कोठडीत टाकले गेले आणि दुसऱ्या दिवशी शत्रूचेच दूत तहासाठी आले.